फिलिपिन्समध्ये जाहिरात मधे येत नाही, ती आतच बसलेली असते

फिलिपिन्सच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये 'मुंबई विरुद्ध चेन्नई' असला प्रकार नाही. 1975 साली सुरू झालेली पीबीए ही आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि तिथले संघ पहिल्यापासून शहरांचे नसून कंपन्यांचे आहेत. नावंही मालाचीच. सॅन मिगेल बिअरमेन म्हणजे बिअर, बारांगाय हिनेब्रा म्हणजे जिन, रेन ऑर शाइन म्हणजे भिंतीचा रंग, टीएनटी म्हणजे प्रीपेड सिमकार्ड. एका संघाची कुंडली तर मुद्दाम बघावी अशी आहे. आधी प्युअरफूड्स म्हणून हॉटडॉग आणि हॅम, मग बी-मेग या नावाने डुकरा-कोंबड्यांचं खाद्य, मग सॅन मिग कॉफी, मग स्टार नावाचं मार्जरीन आणि आता मॅग्नोलिया. 2013-14 च्या हंगामात तिन्ही स्पर्धा जिंकून या संघाने ग्रँड स्लॅम केला तेव्हा जर्सीवर इन्स्टंट कॉफी होती. चाहत्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मालकाला यंदा जे खपवायचंय ते नाव, खेळाडू मात्र आपले.

मुंबईत किंवा सिंगापुरात बसून दक्षिणपूर्व आशियाचं काम बघणाऱ्या मराठी मंडळींना फिलिपिन्सचं ब्रीफ येतं तेव्हा पहिली गफलत इथेच होते. आपण धरून चालतो की प्रेक्षक कार्यक्रम बघायला बसलाय आणि जाहिरात हा त्यातला अडथळा. म्हणून पहिल्या पाच सेकंदांत त्याला पकडा, विनोद करा, चुटकीसरशी सुटा. मनिलात हा हिशोब चालत नाही. तिथे कार्यक्रमाचा सूत्रसंचालकच साबण विकतो, मालिकेतलं प्रेमात पडलेलं जोडपंच बर्गर विकतं, चॅनेलचं नाताळचं गाणं हीच एक मोठी जाहिरात असते आणि लोक ते पाठ करतात. आपल्याला काहीतरी विकलं जातंय याचा फिलिपिनो प्रेक्षकाला राग नाही. राग येतो तो विकणारा आपल्यातला नाही हे उघडं पडतं तेव्हा. बाकीचं सगळं, म्हणजे भाषा, वेळ, परवाने, पुडीचा आकार, याच एका गोष्टीभोवती फिरतं.

सुरुवात दुपारपासून करू. 'ईट बुलागा' हा कार्यक्रम 30 जुलै 1979 ला आरपीएन या वाहिनीवर सुरू झाला आणि आजही चालू आहे. टिटो सोट्टो, विक सोट्टो आणि जोई दे लिऑन हे त्रिकूट पहिल्यापासून आहे. त्यातले टिटो पुढे सिनेटचे अध्यक्षही झाले. सोमवार ते शनिवार, भर दुपारी, दोन-अडीच तास थेट प्रक्षेपण. नाच, विनोद, प्रश्नमंजूषा, वस्तीत जाऊन कुणाच्या तरी घरी बक्षीस देणं, आणि या सगळ्याच्या मधे सूत्रसंचालकांचं बोलता बोलता माल विकणं. यासाठी वेगळा ब्रेक घेत नाहीत. टेबलावर डबा ठेवलेला असतो, सूत्रसंचालक चेष्टेच्या ओघात त्याचं नाव घेतो, वास घेतो, शेजारच्याला देतो, तो तोंडात टाकून काहीतरी बरळतो आणि खेळ पुढे सरकतो. नियमित जाहिराती असतातच; पण माध्यम खरेदी करणाऱ्याने दरपत्रकात सर्वांत आधी बघायचा तो हा तोंडी उल्लेख.

त्याचं स्क्रिप्ट लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे ब्रँड मॅनेजरची पाच वाक्यं सूत्रसंचालकाच्या तोंडी कोंबणं. तो ती वाचतो, पण वाचतोय हे दिसतं, आणि स्टुडिओतले प्रेक्षक सुद्धा त्या अर्ध्या मिनिटात थंड पडतात. चालतं ते असं: मालाचं नाव, किंमत, एकच गुण, आणि उरलेली वीस सेकंदं त्याच्यावर सोडलेली. तो मालाची थट्टा करेल याची तयारी ठेवायची. 'आधी स्क्रिप्ट मंजूर करा, एक शब्द बदलायचा नाही' असा आग्रह धरणाऱ्या ब्रँडने या वेळेत पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

या जिव्हाळ्याला काळी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. 4 फेब्रुवारी 2006 ला 'वोवोवी' या बक्षिसांच्या कार्यक्रमाच्या पहिल्या वर्धापनदिनाला पासिगमधल्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि सत्तरहून अधिक माणसं मेली, बहुतेक गरीब बायका. टीव्हीवरचं बक्षीस हा तिथे करमणुकीचा भाग नसतो. कुणाच्या तरी घराचं छप्पर त्यावर अवलंबून असतं. बक्षिसाची योजना आखणाऱ्याने गर्दीचं नियोजन आणि प्रवेशाची पद्धत हा खर्चाच्या कागदावरचा पहिला आयटम धरावा.

याच दुपारच्या वेळेत 2015 मध्ये 'ईट बुलागा'त 'आल्डब' घडलं. 16 जुलैला वस्तीतल्या भागात मेन मेंडोझा ही नवखी मुलगी 'याया डब' या पात्रात होती. वॉली बायोला हा विनोदी नट आजीच्या वेषात, मेन ही त्या आजीची सोबतीण, बोलायचं नाही, फक्त रेकॉर्डवर ओठ हलवायचे, चेहरा कडक ठेवायचा. पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात स्टुडिओतला नट आल्डेन रिचर्ड्स दिसला आणि तिला हसू आवरलं नाही. एवढंच. पण त्या हसण्यावर रोजची एक मालिका उभी राहिली. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी, मधे पडद्याची उभी रेघ, संवाद पाट्यांवर लिहून किंवा गाण्यांच्या ओळींतून, आणि आजीचं रोजचं पालुपद: योग्य वेळ येईल तेव्हाच. आठवड्यांमागून आठवडे दोघांना भेटू दिलं नाही. 24 ऑक्टोबरला बुलाकानमधल्या फिलिपीन अरेनात ती 'योग्य वेळ' आली. त्या एका दिवसात ट्विटरवर त्या कार्यक्रमाच्या हॅशटॅगचे चार कोटींहून जास्त ट्वीट पडले आणि गिनीज बुकात नोंद झाली. तिकिटांचे पैसे शाळांच्या वाचनालयांना गेले.

जाहिरातवाल्यांनी यातून उचललेला धडा मात्र अर्धवट होता. सगळ्यांनी जोडी उचलली. खरी ताकद थांबवून ठेवण्यात होती, आणि आजीच्या तोंडी घातलेल्या संस्कारांत, ज्यामुळे आई, मुलगी आणि कामवाली तिघी एकत्र बसून बघू शकत. तिथे 'लव्ह टीम' ही संस्थाच आहे: नट-नटीची ठरलेली जोडी, सिनेमा, मालिका आणि जाहिराती तिघांत एकत्र, चाहत्यांची स्वतंत्र फौज. करार करताना ही जोडी म्हणजे एकच ब्रँड अँबेसेडर धरायचा असतो, दोन नाही. कॅथरिन बर्नार्डो आणि डॅनियल पडिला यांनी 30 नोव्हेंबर 2023 ला वेगळं झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा दोघांची जोडी म्हणून केलेलं सगळं साहित्य एका रात्रीत अवघड झालं. म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: जोडी फुटली तर साहित्य किती दिवसांत काढायचं, एकेकट्याचे शॉट शूटच्या दिवशीच घ्यायचे (मागाहून मिळत नाहीत), आणि चाहत्यांच्या गटांना नमुने किंवा कार्यक्रमाचे पास कोण देणार. तिसरा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण हीच फौज हॅशटॅग चालवते, मालाच्या दुकानांत रांगा लावते आणि नाराज झाली तर बहिष्कारही घालते.

कोणता कार्यक्रम किती बघितला जातो हे विचारलंत तर उत्तराआधी प्रतिप्रश्न करा: कुठला आकडा? 2007 च्या अखेरीस एबीएस-सीबीएन या वाहिनीने एजीबी नील्सन या मोजणी कंपनीला रेटिंगमध्ये फेरफार झाल्याच्या आरोपावरून कोर्टात खेचलं. त्यानंतर तिने दुसऱ्या कंपनीचे, म्हणजे पुढे कांतार झालेल्या संस्थेचे आकडे वापरायला घेतले. प्रतिस्पर्धी जीएमए नील्सनसोबत राहिली. परिणाम असा की वर्षानुवर्षं दोन्ही वाहिन्या एकाच आठवड्यात 'आम्हीच पहिले' असं छापत आणि दोघांकडे कागद असे. शिवाय जीएमएचा जोर मेगा मनिलात, म्हणजे राजधानी आणि लगतच्या प्रांतांत. एबीएस-सीबीएनचा देशभर, विशेषतः मधल्या विसायास बेटांत आणि दक्षिणेच्या मिंडानाओत. जुन्या तुलनात्मक तक्त्यांवर आजही कुणी योजना आखत असेल तर आधी तक्त्याखाली कुठला भूभाग लिहिलाय ते वाचावं.

ते तक्ते जुने व्हायला आणखी मोठं कारण आहे. 4 मे 2020 ला एबीएस-सीबीएनच्या परवान्याची मुदत संपली, दुसऱ्याच दिवशी दूरसंचार आयोगाने प्रक्षेपण थांबवायला लावलं, आणि 10 जुलैला संसदेच्या समितीने 70 विरुद्ध 11 मतांनी नवा परवाना नाकारला. देशातली सर्वांत मोठी वाहिनी भर महामारीत बंद. ज्या दुर्गम भागांत तिचाच सिग्नल पोचायचा तिथे टीव्हीवरच्या बातम्याच थांबल्या. प्रांतोप्रांतीच्या भाषांमधली तिची बातमीपत्रंही गेली. कंपनीने मग कार्यक्रम बनवायचे आणि दुसऱ्यांच्या वाहिन्यांवर, यूट्यूबवर, फेसबुकवर दाखवायचे असा मार्ग धरला. तिचा दुपारचा कार्यक्रम 'इट्स शोटाइम' एप्रिल 2024 पासून चक्क जीएमएवर आला. आपल्याकडे शिवसेना-काँग्रेस एकत्र आले तेव्हा लोक जसे बघत राहिले होते, तसेच मनिलाकर त्या दिवशी बघत होते. 'ईट बुलागा'चंही घर फुटलं: 2023 मध्ये त्रिकूट निर्मिती कंपनी सोडून टीव्ही फाइव्हवर गेलं, नाव कोणाचं यावर वाद झाला, आणि डिसेंबरात बौद्धिक संपदा कार्यालयाने, जानेवारीत कोर्टाने त्रिकुटाच्या बाजूने कौल दिला. खरेदी करणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. आता वाहिनी विकत घ्यायची नाही, कार्यक्रम घ्यायचा. आणि करारात त्याच कार्यक्रमाच्या सगळ्या वाहिन्या, फेसबुक लाइव्ह आणि पुनर्प्रक्षेपण धरलंय का ते ओळ न् ओळ तपासायचं.

रडवणाऱ्या जाहिरातींबद्दल न लिहिता या विषयातून सुटका नाही. जॉलिबी हे नाव दुबईत राहणाऱ्या मराठी वाचकांना ठाऊक असेल. लाल मधमाशीचं चित्र आणि बाहेर फिलिपिनो कुटुंबांची रांग. 1975 मध्ये टोनी टॅन काकतिओंग यांनी क्युबाओत घेतलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून ही कंपनी उभी राहिली. 2017 च्या व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात त्यांनी मॅककॅन या एजन्सीकडून बनवलेल्या दोन-तीन मिनिटांच्या फिल्म फेसबुक-यूट्यूबवर सोडल्या. त्यातली 'वाव' (Vow, म्हणजे लग्नातली शपथ) जवळून बघण्यासारखी आहे. एक तरुण निवेदन करतोय. जॉलिबीत ती भेटली, मैत्री झाली, दिवस कसे गेले. मग चर्च, तो सुटात, डोळे भरलेले, ती पांढऱ्या पोशाखात चालत येतेय. आपण त्याला नवरा समजून बसलोय. ती त्याच्या पुढून निघून दुसऱ्याच्या हातात हात देते. हा नवरदेवाचा जिवलग म्हणून उभा आहे. बस. चिकनची किंमत नाही, ऑफर नाही. दुकान दिसतं ते फक्त भेटण्याची जागा म्हणून, आणि सत्यकथेवर आधारित असल्याची ओळ.

हिची नक्कल करायला निघालेले बरेच जण तोंडावर पडले, आणि कारणं जवळपास तीच ती. एक, माल उपाय म्हणून येतो: मुलगी रडते, कुणीतरी चॉकलेट देतं, मुलगी हसते. 'वाव'मध्ये बर्गरने काहीही बरं होत नाही. दोन, दुःख श्रीमंत घरातलं असतं. तीन, कलाटणी शेवटच्या पाच सेकंदांत कोंबलेली असते. तिला उलगडायला किमान वीस-पंचवीस सेकंद लागतात, कारण प्रेक्षकाला मागचे शॉट मनात पुन्हा लावून बघायचे असतात. आणि चार, नायकाने काहीतरी सोसून गप्प राहायला हवं. तक्रार करणारा नायक तिथे चालत नाही.

त्याआधीची, 2000 च्या दशकातली मॅकडोनल्ड्सची आजोबा-नातीची जाहिरात तर अजून लोकांच्या तोंडी आहे. विसरभोळे आजोबा नातीला सारखी 'जीना' म्हणतात, ती दर वेळी 'कारेन पो' म्हणून दुरुस्त करते. शेवटी आजोबा बर्गर अर्धा कापून बाजूला ठेवतात, माझ्या लाडक्या नातीसाठी, कारेनसाठी. यात ते 'पो' महत्त्वाचं. वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यात येणारा हा आदराचा शब्द. परदेशात लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये लहान मूल आजीशी 'पो' न लावता बोललं तर बाकी सगळं जमूनही ती जाहिरात उद्धट वाटते. तीच गोष्ट दुकानदाराशी बोलण्याची, ट्रायसिकलवाल्याशी बोलण्याची. दादा-ताईला 'कुया' आणि 'आते', वयस्कांना 'नानाय', 'ताताय', 'लोला', 'लोलो'. अनोळखी माणसालाही यातलंच काहीतरी. नुसतं नाव घेऊन हाक मारणारी पात्रं फक्त कॉल सेंटरच्या दृश्यात शोभतात.

भाषेचं म्हणाल तर शुद्ध टागालोग भाषांतर हा सर्वांत महागडा शहाणपणा. ते शाळेच्या पुस्तकासारखं वाजतं. बोललं जातं ते टागालोग व्याकरणात इंग्रजी नामं आणि क्रियापदं मिसळून, आणि लिहिणारा त्याच शहरात वाढलेला नसेल तर मिसळण चुकते. कुठला शब्द इंग्रजीतच हवा हे व्याकरण सांगत नाही, कान सांगतो. दुसरी बाजू सेबूची. सेबू, बोहोल आणि मिंडानाओच्या मोठ्या भागात सेबुआनो बोलतात आणि मनिलाच्या जाहिरातींत सेबुआनो ढंगाचं टागालोग वर्षानुवर्षं मोलकरणीच्या तोंडीच आलेलं आहे. तो राग जुना आहे. पैसे कमी असतील तर टीव्ही टागालोग-इंग्रजीत ठेवावा, पण रेडिओ सेबुआनोत स्वतंत्र लिहून घ्यावा, सेबूचाच आवाज वापरावा आणि मनिलाच्या स्टुडिओतल्या 'मला पण येतं' म्हणणाऱ्या कलाकाराला नम्रपणे नाही म्हणावं. इलोइलो-बाकोलोदसाठी हिलिगायनोन, उत्तरेला इलोकानो, हे बजेट उरलं तर.

आता जिथे पैसा गोळा होतो ती जागा. गल्लीतलं सारी-सारी दुकान म्हणजे कुणाच्या तरी घराचीच पुढची खिडकी. लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढं भोक, जाळीमागे वरून खाली लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा: शाम्पू, कंडिशनर, थ्री-इन-वन कॉफी, दूध पावडर, सोया सॉस. माळेतली एक पुडी कात्रीने कापून देतात. वर ब्रँडचा फलक, त्याच्या मधे मालकिणीच्या नावाचं दुकान. फलक कंपनीकडून फुकट, बदल्यात दर्शनी जागा. गिऱ्हाईक बाहेरून 'पाबिली पो', म्हणजे 'विकत द्या हो', अशी हाक देतं आणि मग जाळीबाहेर उभं राहून मालाचं नाव तोंडाने सांगतं. हे शेवटचं नीट लक्षात घ्यावं. इथे मालाला हात लावता येत नाही, मागची अक्षरं वाचता येत नाहीत, दोन पाकिटं शेजारी धरून तुलना होत नाही. जे नाव आठ वर्षांच्या पोराला एका दमात उच्चारता येत नाही ते नाव इथे विकलं जात नाही. आई पैसे देऊन पोराला पाठवते आणि पोरगं उच्चारायला सोपं तेच घेऊन येतं. आपल्याप्रमाणेच तिथेही टूथपेस्ट मागताना 'कोलगेट'च म्हणतात, मग हातात काहीही पडो.

म्हणून पुडीची तपासणी कॉम्प्युटरच्या पडद्यावर करू नये. बारा पुड्यांची माळ छापून घ्यावी, जाळीमागे टांगावी, दिवसा उन्हात आणि रात्री एका पिवळ्या बल्बखाली दीड मीटरवरून बघावी. चकचकीत चंदेरी पार्श्वभूमी उन्हात पांढरी दिसते आणि नाव गायब होतं. शेजारी कुठल्या रंगाची माळ लोंबणार याचा विचार करावा. किंमत नाण्यांत बसायला हवी, पुड्या वाढवून देणारी 'दुप्पट पाकिटं' त्याच कारणाने चालतात. कच्चा माल महागला की किंमत न वाढवता मिलिलिटर कमी केले जातात. गिऱ्हाइकाला ते कळतं, पण वाढलेल्या किमतीपेक्षा त्याला ते परवडतं. एका सवयीचा अंदाज मात्र नवख्यांना येत नाही: दुकानदारीण उधारीची वही ठेवते आणि उधारीवर ती ज्या ब्रँडवर कमिशन सुटतं तोच पुढे करते. टीव्हीवर कितीही पैसे ओता, तिला दर बारा पुड्यांमागे एक फुकट दिली तर ती तुमची जाहिरात फुकट करते.

या पुड्यांचं पुढे काय होतं हेही जाहिरातवाल्यांच्या टेबलावर येऊन पडलंय. 'गाया' या संस्थेच्या 2019 च्या पाहणीनुसार देशात रोज 16 कोटी 30 लाख पुड्या वापरल्या जातात. 2022 च्या कायदा क्रमांक 11898 नुसार मोठ्या कंपन्यांना आपल्या प्लास्टिक वेष्टनांपैकी 2023 अखेर 20 टक्के आणि टप्प्याटप्प्याने 2028 पर्यंत 80 टक्के कचरा परत गोळा करून दाखवायचा आहे. त्यामुळे 'रिकाम्या पुड्या आणा, बक्षीस न्या' छापाच्या योजना एकदम वाढल्या. विपणन विभागाला त्या जाहिरात वाटतात, अनुपालन विभागाला हिशोब. दोघांनी वेगवेगळे आकडे ठेवले की लेखापरीक्षणात घोळ ठरलेला.

बक्षीस योजनेला व्यापार खात्याचा परवाना लागतो, सुरुवातीच्या किमान 30 दिवस आधी अर्ज. खाद्यपदार्थ, औषधं, सौंदर्यप्रसाधनं असतील तर खाद्य-औषध प्रशासनाकडे. जाहिरातीच्या शेवटी निवेदक एका श्वासात जो क्रमांक वाचतो तो हाच. जाहिरातीची स्वतःची छाननी अॅड स्टँडर्ड्स कौन्सिल करते. 2008 पासूनची ही स्वयंनियामक संस्था जाहिरातदार, एजन्सी आणि प्रसारक यांनी मिळून चालवलेली आहे. दारू, औषधं, खाद्यपूरकं, 'क्रमांक एक' असले दावे हे आधी स्टोरीबोर्डवर आणि मग तयार फिल्मवर असे दोनदा दाखवून घ्यावे. थेट तयार फिल्म घेऊन गेलात आणि एक वाक्य नामंजूर झालं तर पुन्हा डबिंग. खाद्यपूरकाच्या जाहिरातीत 'हे औषध नाही आणि कुठल्याही आजारावर औषध म्हणून वापरू नये' ही सूचना टागालोगमध्ये ठरलेल्या शब्दांतच येते, तिच्यासाठी सेकंद आधीच राखून ठेवा. तंबाखूच्या जाहिराती टीव्ही-रेडिओवरून 2007 पासून बंद आहेत, बाळाच्या दुधावर 1986 पासून कडक निर्बंध. आणि परदेशी कंपन्यांना नेहमी चकवणारी बाब संविधानातच आहे: प्रसारमाध्यमं पूर्ण फिलिपिनो मालकीची, जाहिरात कंपन्यांत किमान 70 टक्के. तेव्हा स्थानिक भागीदार हा शोभेचा नसतो.

कॅलेंडर आपल्यापेक्षा वेगळं चालतं. नाताळ सप्टेंबरात सुरू होतो, विनोदाने नाही, खरोखर. मॉलमध्ये होजे मारी चान या गायकाची नाताळची गाणी 1 तारखेपासून. तेराव्या महिन्याचा, म्हणजे वर्षाचा एक जादा, पगार 24 डिसेंबरच्या आत देणं 1975 पासून कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून टिकाऊ वस्तूंची जाहिरात नोव्हेंबर मध्यापासून. एरवी पगार 15 आणि 30 तारखेला; 12 तारखेला मोठ्या पॅकची जाहिरात आणि 25 ला पुड्यांची, हा साधा हिशोबही बरेच जण करत नाहीत. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवार-शुक्रवारी बहुतेक वाहिन्या नेहमीचे कार्यक्रम थांबवतात, काही प्रक्षेपणच बंद ठेवतात. तो आठवडा योजनेत रिकामा सोडा. निवडणुकीच्या वर्षी फेब्रुवारी ते मे टीव्हीवर जागा मिळत नाही. 2001 च्या कायद्याने राष्ट्रीय उमेदवाराला टीव्हीवर 120 आणि रेडिओवर 180 मिनिटं मर्यादा घातली आहे, पण ती वाहिनीगणिक मोजावी असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल आहे, त्यामुळे आडकाठी कुणालाच होत नाही.

एड्सा या मनिलाच्या मुख्य रस्त्यावरचे होर्डिंग हा दिमाखाचा प्रकार, पण जून ते नोव्हेंबर वादळांचा. 28 सप्टेंबर 2006 च्या मिलेन्यो वादळात ते सांगाड्यांसकट रस्त्यावर कोसळले. तेव्हापासून इशारा आला की कापड उतरवून गुंडाळायचं. करारात उतरवलेल्या दिवसांची भरपाई, उतरवणाऱ्या माणसांचा विमा आणि पुन्हा चढवण्याची मुदत नसेल तर पावसाळ्यातले पैसे गेलेच समजा. नैतिकतेचं वादळ वेगळं: 2011 मध्ये रग्बी संघाच्या अंतर्वस्त्रांतल्या मोठ्या जाहिराती ग्वादालुपेहून महापौरांच्या सांगण्यावरून उतरल्या, आणि 2004 मध्ये पंधरा वर्षं मुरवलेल्या ब्रँडीसाठी 'पंधरा वर्षांची चाखलीत का' असं लिहिणाऱ्यांना महिला संघटनांनी सळो की पळो केलं, ते योग्यच केलं.

रडणं नको असेल तर वेडेपणा चालतो, आणि चांगला चालतो. 2020 च्या अखेरीस गिगिल या छोट्या एजन्सीने आरसी कोलासाठी केलेली फिल्म: मुलगा आईला विचारतो, मी दत्तक आहे का? त्याच्या पाठीत काचेचे पेले रुतलेले. आई आपलं डोकं काढून ठेवते, आत बाटली. मग कुटुंब जेवायला बसतं आणि पेल्यांत कोला ओतलं जातं. कारण विचारलंत तर उत्तर एकच शब्द: 'बास्ता', म्हणजे असंच. बघा, इथेही घर आहे, जेवणाचं टेबल आहे, आई आहे. पण त्याच एजन्सीने 2021 मध्ये एका सौंदर्य क्लिनिकसाठी महामारीत जाड झालेल्या बाईवर विनोद केला तेव्हा काही तासांत ती जाहिरात उतरवावी लागली. घरात अडकून पडलेल्या बाईला बाहेरून हसलेलं लोकांना चाललं नाही.

सर्वांत महागडं उदाहरण सरकारी आहे. 27 जून 2023 ला पर्यटन खात्याने नवं बोधवाक्य आणि व्हिडिओ आणला. काही दिवसांत एका ब्लॉगरने दाखवून दिलं की त्यातली भाताची खाचरं इंडोनेशियातली, वाळूचे ढिगारे ब्राझील आणि अमिरातीतले आणि काही शॉट थायलंड-स्वित्झर्लंडमधले आहेत. एजन्सीने माफी मागितली, करार रद्द झाला. खात्यावर जुन्या जखमेचा व्रण आहेच: 2010 चं बोधचिन्ह पोलंडच्या नकलेवरून मागे घ्यावं लागलं होतं. हे टाळणं अवघड नाही, फक्त कंटाळवाणं आहे. एडिटरकडून प्रत्येक क्लिपची यादी मागायची: ठिकाण, प्रांत, शूटची तारीख, कॅमेरामन, विकत घेतली असेल तर संकेतस्थळाचा क्लिप क्रमांक. मनस्थिती दाखवायला बनवलेल्या कच्च्या व्हिडिओवर कायमचा पाणछाप ठेवायचा. आणि शेवटची फिल्म बानावे, बोराकाय, बातानेस अशा त्या त्या ठिकाणच्या एकेका माणसाला दाखवायची, त्याचं उत्तर लेखी घ्यायचं. त्याला खाचरांच्या बांधाचा दगड ओळखता येतो, क्लायंटला नाही.